रोल नंबर अठ्ठावीसचं पाणी

डोळ्यावरची हिरवी पट्टी.

पिठलं आणि सहा भाकऱ्या. डबा अल्युमिनियमचा, झाकणावर खिळ्यानं 'यादव' असं कोरलेलं.

कपाशीचा प्लॉट नंबर चौदा.

दोन पोस्टकार्डं. मजकूर शब्दन् शब्द सारखा, फक्त मयताचं नाव वेगळं.

नियम तिसरा : वरून पाणी आल्याशिवाय खालच्यानं दार मोडायचं नाही.

घोरपडे वहिनींच्या कपाळावरचं कुंकू.

सकाळचे सहा चाळीस.

कपाशी आणि तो नियम सोडला तर यातलं सगळं एकाच पंधरवड्यातलं आहे. गोष्ट सांगायला बसलो की मला हे असंच आठवतं, सुटं सुटं, आणि प्रत्येक वेळी मी चिडतो. त्या बुधवारीही चिडलो होतो. सहा चाळीसला फोन वाजला. मी उचलला आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, "बोल, अठ्ठावीस."

"अठ्ठावीस नाही. बावीस," पलीकडून आवाज आला. "पाठारे बोलतोय. पाणी सोडलं."

"तू कसा काय?"

"आधी 'आलं' म्हण."

"आलं. पण लोहोकरे कुठाय?"

"त्याला आराम दिलाय."

"कुणी?"

"घोरपडेनं. म्हणजे सगळ्यांनी मिळूनच. आजपासून बावीसनंतर डायरेक्ट एकतीस. तुझं पुढचं तेच, चौतीसला कर." आणि त्यानं फोन ठेवला.

*

पाट म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे.

आम्ही कृषी महाविद्यालयाचे. वर्गात एकसष्ट जण होतो. पंचाहत्तरीला पोचेपर्यंत आठ उरले, म्हणजे एकमेकांच्या संपर्कात असलेले आठ. आधी आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता. त्यात सकाळी गुलाब, दुपारी राजकारण, संध्याकाळी भांडण. ते चाललं असतं. पण रोल नंबर सोळा, कदम, वारला आणि त्यानंतर अकरा दिवस त्याच्या फोनवरून आम्हाला गुलाब येत राहिले. घरच्यांना वाटलं, एकदम बंद केलं तर बरं दिसणार नाही. अकरा दिवस आम्ही मेलेल्या माणसाला 'सुप्रभात' म्हणत होतो. बाराव्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की हा थिल्लरपणा पुरे, माणूस आहे की नाही हे माणसाच्या आवाजावरून कळलं पाहिजे. आणि पाटाचे नियम लिहून काढले.

शेतात पाटाचं दार, म्हणजे मातीचा बांध, मोडून पाणी देतात तसंच. वरचा खालच्याला पाणी देतो, खालचा त्याच्या खालच्याला. रोल नंबरानं. सकाळी सहाला घोरपडे, रोल नंबर तीन, कऱ्हाडहून पाठारेला फोन करणार. पाठारे अंबाजोगाईच्या लोहोकरेला, लोहोकरे मला बार्शीला, मी अमरावतीच्या खापरेला, असं करत करत रोल नंबर अठ्ठावन्न, उंब्रजचा यादव. यादवनं शेवटी घोरपडेला फोन करायचा. म्हणजे पाणी फिरून विहिरीत. करणाऱ्यानं म्हणायचं, "पाणी सोडलं." घेणाऱ्यानं म्हणायचं, "आलं." मग काही बातमी असेल तर सांगायची आणि ती पुढं द्यायची. वरच्याचा फोन वेळेत आला नाही तर? त्यासाठी चौथा नियम होता : दहा मिनिटं थांबायचं, मग आपण वरच्याला एकदा लावून बघायचा, नाही लागला तर आपल्यापासून पाणी सुरू करायचं. पण चौथा नियम घोरपडेच्या फोनपुरताच होता, कारण विहीर बंद पडली तर सगळंच कोरडं. बाकीच्यांसाठी तिसरा. वरून आल्याशिवाय दार मोडायचं नाही. नाहीतर सगळेच सगळ्यांना फोन करत बसतील आणि पुन्हा ग्रुपसारखा बाजार होईल, असं मला वाटलं होतं.

दीड वर्ष पाट वाहिला. एकही दिवस खाडा नाही. बातम्या किरकोळ. गुडघे, नातीचं लग्न, कुणाच्या अंगणातला आंबा मोहरला. मला रोज फक्त दोन आवाज ऐकू यायचे, वरून लोहोकरे आणि खालून खापरे. पण या दोन आवाजांत आठ माणसं असायची.

मग तो सोमवार आला.

त्या सोमवारी घोरपडेचा फोन पाठारेला आलाच नाही. पाठारेनं लावून पाहिला, बंद. त्यानं नियमाप्रमाणे आपल्यापासून पाणी सोडलं. ते लोहोकरेकडून माझ्याकडं आलं, माझ्याकडून पुढं गेलं, आणि उंब्रजला यादवपर्यंत पोचलं तेव्हा बातमी अशी होती की घोरपडे गेला.

यादव सरळ माणूस. त्यानं घोरपडेला फोन केला नाही, मेलेल्याला कोण फोन करतो? सुनेला पिठलं-भाकरी करायला लावली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि डबा घेऊन दुपारी कऱ्हाडला गेला. दार वहिनींनी उघडलं. यादव म्हणाला, "वहिनी, फार वाईट झालं." आणि त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघत उभा राहिला. त्याला काही सुधरेना. तेवढ्यात आतून डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला घोरपडे आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन. पहाटेच दवाखान्यात नेलेलं, फोन बंद करून वहिनींच्या पिशवीत. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या मते ऑपरेशन ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

"काय झालं वाईट?" त्यानं विचारलं.

यादवनं डबा पुढं केला.

घोरपडेनं ते पिठलं खाल्लं, हे मला नंतर कळलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. आणि खाता खाता पाठारेला फोन करून चौकशी लावली. चौकशी वरून खाली चालली. पाठारे म्हणाला, मी फक्त 'फोन लागत नाही' एवढंच सांगितलं. खापरेपासून खालच्यांनी बोट वर माझ्याकडं दाखवलं. मला पाठारेनं विचारलं, "गेला असं तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "लोहोकरेनं." मग त्यानं लोहोकरेला विचारलं, "घोरपडे गेला असं तू ढगेला सांगितलंस?" लोहोकरे म्हणाला, "म्हणालो असेन."

लोहोकरेचं तेव्हा विसरणं सुरू झालं होतं. सगळ्यांना माहीत होतं. एकच आंबा तो तीन तीन दिवस मोहरल्याचं सांगायचा. त्यामुळं चौकशी तिथंच थांबली.

बुधवारपासून त्याला गाळलं.

*

मी खापरेला फोन केला. "पाणी सोडलं."

"आलं. काऊन रे, आवाज असा काऊन?"

"लोहोकरेला काढला, तुला माहितीये?"

"मले पाठारे बोलला काल."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"मी काय बोलू, बापू? त्यानं जित्या माणसाचं तेरावं घातलं असतं."

"अरे, विसरतो तो माणूस. विसरणाऱ्याला फोन करायचा की बंद करायचा?"

"मले ओरडून काय फायदा? घोरपडेले ओरड."

मी घोरपडेला ओरडलो नाही. लगेच नाही. मी लोहोकरेला फोन लावला. त्याच्या सुनेनं, मंजूषानं उचलला.

"काका, तुम्ही होय? थांबा हं." मग लांबून तिचा आवाज, "बाबा, ढगे काकांचा फोन." मग बराच वेळ काही नाही. मग ती परत आली. "काका, ते घेत नाहीत."

"का?"

"म्हणतात, एकतीसचा फोन अठ्ठावीसला कसा येईल? पाणी उलटं चढत नाही म्हणतात." ती जरा हसली, पण ते हसणं धड नव्हतं. "आणि काका, तुमच्याकडं कुणी गेलंय का? दोन दिवस पोस्टकार्डं आणून द्या म्हणून मागं लागलेत."

रोज लावला. रोज तेच. पाणी उलटं चढत नाही. पाठारेचा फोन रोज सहा चाळीसला येत होता आणि मी रोज 'आलं' म्हणत होतो आणि रोज रागानं माझा चहा थंड होत होता. नवव्या दिवशी पाठारे म्हणाला, "बघ, कसं सुरळीत चाललंय." मी फोन ठेवला, खापरेला पाणी दिलं, पिशवीत एक धोतरजोडी टाकली आणि बार्शी स्टँडवर जाऊन अंबाजोगाईच्या एसटीत बसलो.

कळंबपर्यंत मी मनातल्या मनात घोरपडेला शिव्या दिल्या. केजपर्यंत पाठारेला. आठ माणसं, म्हटलं, आठ, आणि त्यातला एक तुम्ही असा उपटून टाकता, मोठ्या कपाशीतलं तण असल्यासारखा. अरे, कॉलेजात ज्याचं नाव हजेरीत शेवटपर्यंत लागत होतं, त्याला काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणी गेलं का बाबा?" मी तोंडानं पुटपुटत असणार.

*

लोहोकरे व्हरांड्यात बसला होता. स्वच्छ दाढी केलेली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मला बघून उठला. ओळखलं.

"एकतीस," तो म्हणाला. "ये. तूही आलास?"

"मीही म्हणजे?"

"बस. मंजू, पाणी आण गं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच, "लांबून आलास. मला पत्र पाठवलं असतंस तरी चाललं असतं. कसं रे झालं आपलं हे, एकदम एवढे लोक."

"कोण एवढे लोक?"

त्यानं टेबलावरची दोन पोस्टकार्डं माझ्याकडं सरकवली. त्याचं अक्षर अजून प्रॅक्टिकलच्या वहीतल्यासारखंच होतं, सरळ, मोजून अंतर ठेवलेलं. पहिल्यावर लिहिलं होतं, श्रीमती घोरपडे वहिनींस, दत्ताजीरावांच्या जाण्यानं आमच्या वर्गाचा आधार गेला. दुसऱ्यावर, श्रीमती पाठारे वहिनींस, मधुकररावांच्या जाण्यानं आमच्या वर्गाचा आधार गेला.

"पाठारे?" मी म्हणालो.

"तोही. घोरपडेनंतर दोनच दिवसांत."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कोण उरलं? पाणी येईना. पाणी येईना म्हणजे वरचा नाही." त्यानं साधा हिशेब सांगावा तसं सांगितलं. "घोरपडेचं तर मीच सगळ्यांना कळवलं म्हणे. पाठारेनं मला विचारलं, तू सांगितलंस ना घोरपडे गेला? त्याचा तो शेवटचा फोन. आवाज कसातरीच होता. मला तेव्हाच वाटलं, याचंही काही खरं नाही."

"अरे, पाठारे रोज मला फोन करतो."

"तुला?" तो माझ्याकडं बघत राहिला. "तुला कसा करेल? मध्ये मी आहे."

"तुला गाळून करतो."

लोहोकरे हसला. आपल्याला एखाद्यानं पोरकट काही सांगावं आणि आपण त्याला दुखवू नये म्हणून हसावं, तसा. "पाठारे तसं करणार नाही, ढगे. चार वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. तो असता तर त्यानं फोन केला असता."

मंजूषा पाणी घेऊन आली होती. ती दारातच थांबली आणि माझ्याकडं बघू लागली, आता तुम्ही काय बोलता, अशा नजरेनं.

"मग तू मला तरी फोन का केला नाहीस?" मी विचारलं. "पाठारे गेला असं तुला वाटलं, तर पुढं मला कळवायचं."

"नियम तुझाच आहे की," तो म्हणाला. "वरून आल्याशिवाय दार मोडायचं नाही. चौथा नियम फक्त पहिल्या दारासाठी, माझ्यासाठी नाही." आणि मग, "मी रोज बसतो. न जाणो, कुणी मधला दुवा जोडला असेल."

प्लॉट नंबर चौदामध्ये आम्ही दोघं जोडीदार होतो. एकोणतीस आणि तीस पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंगला पळाले म्हणून अठ्ठावीसची जोडी एकतीसशी लागली. त्या प्लॉटला आमच्या वरून तेरा नंबरचं पाणी यायचं. तेराची पोरं आळशी, दुपारी झोपायची. मी म्हणायचो, चल, त्यांचं दार आपणच बांधू आणि पाणी वळवून घेऊ, कोण बघतंय. लोहोकरे बांधावर बसून राहायचा. तीन तीन तास. त्यांचं होऊ दे, म्हणायचा. आमची कपाशी एकदा त्याच्या त्या बसण्यापायी सुकली आणि मला प्रॅक्टिकलमध्ये कमी मार्क पडले. तेव्हाही मी चिडलो होतो.

*

सकाळी साडेसहाला तो आंघोळ करून, केस विंचरून खुर्चीत बसला. मांडीवर पंचा, पंच्यावर फोन. मी समोरच्या पलंगावर. मंजूषानं चहा आणला, त्यानं हातानंच नको म्हटलं. फोनच्या वेळी चहा नाही.

सहा चाळीस झाले. माझ्या खिशातला फोन वाजला. पाठारे. मी तो बंद केला.

लोहोकरेनं फोनकडं बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. सहा पंचेचाळीसला पंच्यानं फोन पुसला आणि बाजूला ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

मग माझं डोकं फिरलं. मी घोरपडेला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"कोण?" घोरपडे म्हणाला. "एकतीस? तू मला कसा काय लावलास? पाणी कुठं अडलंय?"

"अंबाजोगाईत अडलंय. तूच अडवलंयस."

"गड्या, सकाळी सकाळी..."

"सकाळीच बोलतो. माणूस रोज आंघोळ करून फोनपुढं बसतो, दत्ता. तुम्ही मेलात असं समजून तुमच्या बायकांना पत्रं लिहितो. तुम्ही त्याला टाकलं असेल हे त्याच्या डोक्यातसुद्धा येत नाही. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? विसरायला लागला म्हणून काढला? उद्या तुझा दुसरा डोळा जाईल, तुला काढू? खापरेला ऐकू येत नाही, त्याला काढू? मग राहील कोण, मी एकटा?"

"झालं तुझं?"

"नाही झालं."

"माझ्या पोरीनं पुण्याहून रडत गाडी काढली, ढगे. यादवाच्या सुनेनं तिला फोन केला होता. खंबाटकीत तिची गाडी ठोकता ठोकता वाचली. तिला काही झालं असतं तर? मी त्याच्यावर रागावू नको?"

हे मला माहीत नव्हतं.

"त्याला वाईट वाटलंय का, एवढं तरी विचार," घोरपडे म्हणाला. "एक शब्द नाही त्याचा. म्हणालो असेन, म्हणे. अरे, असेन काय? माफी मागायची एका शब्दानं. मग उद्या फोन करायला सांगतो मी पाठारेला. मला काय त्याच्याशी दावा आहे? माफी मागू दे."

"कशाची माफी?" मी म्हणालो. माझा आवाज खाली गेला होता.

"मला मारलं म्हणून."

लोहोकरे खुर्चीतून पुढं झाला होता. "कोण आहे?" तो म्हणाला. "हा आवाज कुणाचा?"

"घोरपडेचा," मंजूषा म्हणाली. "बाबा, ते आहेत. बरे आहेत. ते ऑपरेशन झालं होतं त्यांचं."

त्यानं हात पुढं केला. मी फोन दिला. तो त्यानं दोन्ही हातांनी धरला, पाण्यानं भरलेलं भांडं धरावं तसा.

"दत्ता?"

"बोल, अठ्ठावीस."

"तू आहेस?"

"आहे की. जातोय कुठं."

"आणि पाठारे?"

"तो पण आहे. आहे नाशकात, दात काढून बसलाय सगळे. कवळी बसवणार आहे."

लोहोकरे हसायला लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता, आणि मंजूषानं तोंडाला पदर लावला होता.

"मग चुकलं माझं," तो म्हणाला. "मी तुला मारलं का रे? मला आठवत नाही बघ. पण सगळे म्हणतात म्हणजे म्हणालो असेन. चुकलं. तुझ्या लेकीलाही सांग, काका चुकले म्हणावं. सतरा वेळा चुकलं. तू आहेस ना, मग काय लागेल ते म्हणतो मी."

मी खिडकीकडं बघत होतो. बाहेर बांधावर एक बाई शेवगा तोडत होती. आकडीनं शेंग ओढायची, शेंग पडायची, ती वाकायची. तिनं सात शेंगा काढल्या. त्या सात शेंगांच्या वेळात मला बोलता आलं असतं. मी फोन काढून घेऊन बोलू शकलो असतो. माझं तोंड उघडलंही होतं.

"बरं, राहू दे, राहू दे," घोरपडे पलीकडून म्हणाला. त्याचाही आवाज पातळ झाला होता. "एवढं काय. उद्यापासून पाठारे करील तुला."

"आजचं?"

"आज राहिलंच की आता. सात वाजत आले."

"आजचं कसं राहू द्यायचं? पाट दीड वर्षात एकदाही तुटला नाही म्हणतो ढगे."

घोरपडेनं एक उसासा टाकला. मग घसा साफ करून, कॉलेजात मॉनिटर म्हणून हजेरी घ्यायचा त्या आवाजात म्हणाला, "पाणी सोडलं."

"आलं," लोहोकरे म्हणाला आणि माझा फोन मला परत दिला.

मग स्वतःचा फोन उचलला. एक एक आकडा दाबला, मला पाठ आहे असं मुद्दाम मला दाखवत. माझ्या हातातला फोन वाजला. चार हातांवर समोर बसलेल्या माणसाचा फोन मी उचलला.

"पाणी सोडलं," तो म्हणाला. मला दोनदा ऐकू आलं, एकदा कानात आणि एकदा खोलीत.

"आलं."

"बातमी आहे. घोरपडे जिवंत आहे. पाठारे जिवंत आहे." माझ्या डोळ्यांत बघत तो म्हणाला, "नीट पुढं सांग."

मी व्हरांड्यात जाऊन खापरेला फोन केला. जसं सांगितलं तसंच, शब्दन् शब्द सांगितलं. खापरे म्हणाला, "भांडून घेतलंच म्हणा तुम्ही. तुमच्यासारखा मानूस पायजे, बापू."

दुपारच्या एसटीला बसवायला लोहोकरे स्टँडपर्यंत आला. खिडकीतून त्यानं मंजूषानं बांधून दिलेली दशम्यांची पुरचुंडी आत सरकवली. "तू आलास म्हणून," तो म्हणाला. "माझ्या बाजूनं बोललास. मी ऐकलं सगळं." एसटी वळेपर्यंत हात वर करून उभा होता.

त्यानंतर तो एक वर्ष आणि दोन महिने पाटात होता. शेवटी शेवटी त्याला माझं नाव येत नव्हतं, रोल नंबर येत होता. एका गुरुवारी सहा चाळीसला मंजूषाचा फोन आला. तिनं आधी "पाणी सोडलं" म्हटलं, मग सांगितलं. मी "आलं" म्हणालो. घोरपडे त्याच्या दहाव्याला कऱ्हाडहून गेला. यादवनं डबा पाठवला होता. आता आम्ही पाच आहोत. खापरे प्रत्येक नव्या ओळखीच्या माणसाला, ढगेनं लोहोकरेसाठी एसटीनं जाऊन कसं भांडण केलं, ते सांगतो. मी त्याला थांबवत नाही.

त्या सोमवारी सहा चाळीसला लोहोकरे मला म्हणाला होता, "आज पाणी पाठारेपासून आहे. घोरपडेचा फोन लागत नाही म्हणतो. तुला लागतो का बघ बरं." मी लावून न बघताच खापरेला म्हणालो, घोरपडे गेला.